गाढवाची शपथ, चंद्र-सूर्याची साक्ष : भिवंडीजवळचे लोनाड

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट, कंटेनरच्या रांगा आणि महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेली गोदामांची छपरे, एवढेच चित्र मुंबई-ठाण्यातील वाचकाच्या डोळ्यांसमोर उभे राहते. त्यात खोटे काही नाही. मात्र या शहराच्या आग्नेयेस दहा-एक किलोमीटरवर, कल्याणच्या उत्तरेला, लोनाड नावाचे एक गाव आहे. तेथे सहाव्या शतकाच्या आसपासचे बौद्ध लेणे, शिलाहारकालीन शिवमंदिर आणि बाराव्या-तेराव्या शतकातील शिलालेख, असा सुमारे सातशे वर्षांचा ऐवज एका छोट्या परिसरात एकवटलेला आहे. त्यांपैकी शिलालेखांशी निगडित असलेला ‘गधेगाळ’ हा प्रकार तर जगाच्या शिल्पपरंपरेतील अत्यंत चमत्कारिक प्रकारांपैकी एक म्हणावा लागेल. तो पाहून काही जण खजील होतात, काही हसतात, तर काही त्याला शेंदूर फासून देव करतात. प्रत्यक्षात तो जमिनीचा दस्तऐवज आहे.

लोनाडला एवढे सगळे का, याचे उत्तर कल्याणमध्ये आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या नाविकांच्या मार्गदर्शिकेत ‘कॅलिएना’ या नावाने कल्याण बंदराचा उल्लेख येतो. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या देणग्यांचे लेख आहेत. उल्हास नदीच्या खाडीतून आलेला माल येथून घाटमाथ्याकडे जाई. अशा वाटांच्या कडेला भिक्षूंचे निवास खोदले जाणे ही त्या काळातली नित्याची गोष्ट होती, आणि लोनाडजवळच्या टेकडीतील लेणे त्याच मालिकेत बसते.

हे लेणे आकाराने लहान आहे. अजिंठा-वेरूळ पाहून आलेल्या माणसाची पहिल्या दृष्टिक्षेपात निराशाच होईल. ओसरी, तिच्यामागे दालन आणि गाभारा एवढाच त्याचा विस्तार. गाभाऱ्यात आज खंडेश्वरी देवीची पूजा होते, त्यामुळे आसपासचे लोक त्याला खंडेश्वरीचे लेणे म्हणूनच ओळखतात. पण ओसरीच्या भिंतीवर कोरलेला राजपरिवाराचा मोठा शिल्पपट पाहिला की मत बदलते. मध्यभागी आसनस्थ राजा आणि त्याच्याभोवती स्त्री-पुरुषांचा परिवार, अशी ही गर्दीची रचना आहे. खांबांवरील पट्टीत लहान आकृत्यांचे प्रसंग कोरलेले आहेत. पश्चिम भारतातील लेण्यांत बुद्ध, बोधिसत्त्व आणि दाते यांच्या मूर्ती विपुल आढळतात, परंतु एवढ्या मोठ्या आकाराचा दरबारी प्रसंग दगडात क्वचितच दिसतो. अजिंठ्याच्या चित्रकारांनी जातककथांतील राजवाड्यांचे जे वातावरण रंगांत उभे केले, तेच कोणा शिल्पकाराने येथे छिन्नीने साधू पाहिले, असे मनात आल्यावाचून राहत नाही. दगड मात्र झिजला आहे, आणि चेहऱ्यांवरील भाव आता बव्हंशी कल्पनेनेच पुरे करावे लागतात.

लेण्यानंतर काही शतके उलटली आणि या भागावर शिलाहारांचा अंमल आला. उत्तर कोकणच्या शिलाहारांनी साधारण नवव्या शतकापासून तेराव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत ठाणे व परिसरावर राज्य केले. प्रथम ते राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा लेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध निर्मिती. लोनाडचे शिवमंदिर त्याच घराण्यातले, पण धाकट्या भावंडासारखे दुर्लक्षित राहिलेले. आज ते भग्नावस्थेत आहे. उरलेल्या भिंतींवरील शिल्पे पाहताना मूळ वास्तू किती देखणी असेल याचा अदमास येतो, इतकेच.

आता त्या शिलालेखांकडे वळू. लोनाड परिसरातील एक लेख शिलाहार राजा दुसरा अपरादित्य याच्या काळातील, शके ११०६, म्हणजे इ.स. ११८४ चा आहे. दुसरा लोनाडलगतच्या चौधरपाड्याचा. तो केशिदेव राजाचा आहे, आणि त्यातील काळ इतका नेमका नोंदवलेला आहे की आजही पंचांग मांडून तपासता येतो. शके ११६१, विकारी संवत्सर, माघ वद्य चतुर्दशी, मंगळवार. इंग्रजी कालगणनेत हा दिवस २४ जानेवारी १२४० येतो, आणि त्या दिवशी खरोखरच मंगळवार होता. तिथी अर्थातच महाशिवरात्रीची. त्या पर्वावर राजाने ब्रह्मपुरी नावाचे गाव कवी सोमण याला दान दिले आणि बापग्रामातील माजसपल्ली हा पाडा शोंपेश्वर महादेवाच्या चार पूजकांना दिला, असे त्यात नोंदले आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांच्या कोरीव लेखांच्या संग्रहात या लेखाचा समावेश केला आहे.

अशा दानलेखांना जोडून कोरलेल्या शापचित्रालाच गधेगाळ म्हणतात. ‘गाळ’ म्हणजे शिवी. गधेगाळीचे साधारणतः तीन भाग असतात. शिळेच्या माथ्यावर चंद्र आणि सूर्य, काही ठिकाणी त्यांच्यामध्ये कलश. मधल्या भागात लेख. आणि तळाशी एका स्त्रीशी समागम करणारा गाढव. चंद्र-सूर्याचा अर्थ, जोवर ते आकाशात आहेत तोवर हे दान चालेल. लेखात दाता, दान घेणारा, गाव, सीमा आणि तिथी. तळाचे चित्र म्हणजे हे दान मोडणाऱ्याला दिलेली उघड शिवी, जिचा रोख त्याच्या आईवर असतो. मुंबईत परळला सापडलेल्या इ.स. ११८७ च्या अपरादित्याच्या लेखात मूळ मजकूर संस्कृत आहे, पण शापाची वेळ आली तेव्हा लिहिणाऱ्याने देवभाषा सोडून तेथे बिनदिक्कत मराठी वापरली. तो मजकूर वृत्तपत्रात छापण्याजोगा नाही. मराठीच्या आरंभीच्या लेखी नमुन्यांत एका अस्सल शिवीची गणना होते, हे सत्य भाषेच्या अभिमान्यांनी थोडे हसून स्वीकारायला हरकत नाही.

दान मोडणाऱ्याला शाप देण्याची पद्धत त्याआधीपासून देशभर होती. ताम्रपटांच्या अखेरीस ठरावीक संस्कृत श्लोक येतात. भूमी देणारा साठ हजार वर्षे स्वर्गात राहतो, ती हिरावून घेणारा तितकीच वर्षे विष्ठेतील किडा होतो, असा त्यांचा आशय. मात्र ताम्रपट हा दान घेणाऱ्याच्या घरात, पेटीत किंवा जमिनीखाली पुरून ठेवलेला असे. शिळा उघड्यावर उभी असे, आणि ती पाहणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना अक्षरओळख नव्हती. त्यांना साठ हजार वर्षांचा हिशेब वाचता येत नसला तरी चित्र समजत होते. गुरे राखणाऱ्यापासून महसूल गोळा करणाऱ्यापर्यंत कोणालाही, भाषा कोणतीही असो, या शिळेपलीकडची जमीन कोणाची तरी आहे आणि तिला हात लावल्यास अब्रू जाईल, एवढे एका नजरेत कळावे, अशीच ही योजना होती.

शिलाहार घराण्याला जमिनीच्या दस्तऐवजांचे महत्त्व किती उमगलेले होते याचा एक पुरावा ग्रंथरूपाने शिल्लक आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेलेला पहिला अपरादित्य याने याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘अपरार्क’ या नावाने ओळखली जाणारी विस्तृत टीका लिहिली. हिंदू धर्मशास्त्राच्या इतिहासात तिला मानाचे स्थान आहे. राजाने भूमी दान दिल्यास पुढे येणाऱ्या राजांच्या माहितीसाठी कापडावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर, स्वतःच्या मुद्रेसह, तिचा लेख करून द्यावा, असे याज्ञवल्क्याने सांगितले आहे. यातील ‘पुढे येणारे राजे’ हे शब्द महत्त्वाचे. दानाला भीती चोरापेक्षा नव्या सत्ताधाऱ्याची आणि त्याच्या अधिकाऱ्यांची अधिक असते, हे शास्त्रकाराला ठाऊक होते.

आता ही कल्पना आपल्याकडेच सुचली काय? मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकापासून पुढे ‘कुदुर्रू’ नावाच्या शिळा तयार होत. राजाने दिलेल्या जमिनीची हकीगत, तिच्या सीमा, साक्षीदार आणि अखेरीस शाप, असा त्यांचा मजकूर असे. माथ्यावर चंद्रकोर, सूर्य आणि शुक्राची चांदणी कोरलेली असे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मेलि-शिपाक या राजाने आपल्या कन्येला दिलेल्या जमिनीची अशी शिळा आहे, आणि तिच्यावरील चंद्र-सूर्य पाहताना मराठी माणसाला आपल्या बांधावरच्या दगडाची आठवण यावी इतके साम्य आहे. या शिळा पूर्वी शेताच्या हद्दीवर उभ्या असत असे मानले जाई. त्यांतील पुष्कळशा देवळात ठेवलेल्या असत, असे आता अभ्यासकांचे मत आहे. कुदुर्रूंवरील शापांत एक मासलेवाईक कलम वारंवार येते. शिळेला स्वतः हात न लावता एखाद्या आंधळ्या, बहिऱ्या किंवा अडाणी माणसाकरवी ती हलवून घेणाऱ्यालाही शाप लागेल, अशी तजवीज त्यात केलेली असते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कारकुनांना पळवाटा चांगल्याच ठाऊक होत्या. शापाची ताकद मात्र तेव्हाही मर्यादितच होती. मेलि-शिपाकची शिळा सापडली ती बॅबिलोनियात नव्हे, तर इराणमधील सुसा येथे, कारण एलामच्या राजाने ती लुटीत उचलून नेली होती.

त्याहून जवळचे साम्य इजिप्तमध्ये आढळते. इसवी सनापूर्वी दहाव्या ते आठव्या शतकांच्या सुमारास, तेथे लिबियन वंशाचे राजे राज्य करीत असताना, देवळांना जमीन दिल्याच्या शिळा मोठ्या संख्येने उभारल्या गेल्या. त्यांतील काहींवर शाप आहे तो चक्क गाढवाचा. जो हे दान मोडील त्याच्यावर आणि त्याच्या बायकोवर गाढव चढो, असा त्याचा आशय. कोकण आणि नाईल यांच्यात दोन हजार वर्षांचे अंतर आहे, आणि एकाने दुसऱ्याकडून ही कल्पना उचलली असे म्हणायला कोणताही पुरावा नाही. इजिप्तमध्ये हा शाप शब्दांत राहिला. त्याचे ढळढळीत शिल्प करून गावाच्या वेशीवर उभे करण्याचे धाडस कोकणाने आणि त्याच्या शेजारच्या प्रदेशांनी केले.

गाढवच का, याचाही विचार अभ्यासकांनी केला आहे. ओरिसातील हाथीगुंफा लेखात कलिंगचा राजा खारवेल पिथुंड हे नगर गाढवांच्या नांगराने नांगरल्याचे सांगतो. सतराव्या शतकात विजापूरच्या मुरार जगदेवाने पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवल्याची आठवण तर महाराष्ट्राच्या इतिहासात प्रत्येक शाळकरी मुलाने वाचलेली असते. जिजाबाईंनी आणि बालशिवाजीने तेथे पुन्हा सोन्याचा नांगर धरल्याची कथा त्याच प्रसंगाला जोडून सांगितली जाते. बैलाच्या नांगराने भूमी फळते, गाढवाच्या नांगराने ती उजाड होते, हा त्यामागचा समज. भूमीला स्त्री मानण्याची परंपरा लक्षात घेतली तर गधेगाळीवरील स्त्री ही शापिताची आई असण्याबरोबरच स्वतः भूमीही असू शकते, आणि दान मोडल्यास ती जमीन नापीक होईल, असा दुसरा अर्थ या चित्रातून निघतो. हा अर्थ मोहक आहे आणि शिळेचा ओंगळपणा धुऊन काढणारा आहे. म्हणूनच तो जपून स्वीकारावा. परळच्या लेखातील मराठी वाक्य भूमीविषयी काही बोलत नाही, ते सरळ आईविषयी बोलते.

आणि येथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. अपराध करणार तो पुरुष. जमीन हडपणारा सामंत, अधिकारी किंवा शेजारी. शिक्षा मात्र दगडावर कोरली आहे ती एका स्त्रीच्या देहावर, आणि तिला नावही नाही. पुरुषाची अब्रू त्याच्या घरातील स्त्रीच्या देहात ठेवलेली असते, या समजुतीचे इतके उघडे प्रमाणपत्र दुसरे सापडणार नाही. संग्रहालयात अशी शिळा पाहणाऱ्या शाळकरी मुलींना हे समजावून सांगणे अवघड असले तरी शिळा पडद्याआड ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

शिलाहारांचे राज्य १२६५च्या सुमारास संपले. शेवटचा राजा सोमेश्वर यादवांशी झालेल्या युद्धात समुद्रात बुडून मेला, असे समकालीन लिखाण सांगते. राज्य बुडाले, पण त्यांची शिवी मागे उरली. यादवकाळात आणि त्याही नंतर, घराणी आणि धर्म बदलले तरी, जमिनीच्या दानांवर गधेगाळ कोरली जातच राहिली. अलिबागजवळच्या नागाव येथील हंबिररावाच्या लेखात शके १२८९ बरोबर हिजरी सनही दिलेला आहे. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे असे कितीतरी लेख मराठी वाचकांसमोर आले. कोकण, घाटमाथा, गोवा, कर्नाटक, गुजरात असा या शिळांचा विस्तार आहे, आणि अजूनही शेतात, विहिरीच्या कठड्यात, देवळाच्या पायरीत नव्या गधेगाळी सापडतात.

सापडतात, तशाच त्या नाहीशाही होतात. लेणे जागचे हलत नाही आणि मंदिर पडले तरी त्याचे अवशेष उरतात. सुटी शिळा मात्र एका दुपारीत गडप होऊ शकते. काही ठिकाणी अशुभ म्हणून ती पालथी घातली जाते, काही ठिकाणी गुप्तधनाची खूण समजून तिच्याखाली खणले जाते, आणि काही ठिकाणी रंगाचे इतके थर चढतात की अक्षरे बुजून जातात. भिवंडी तालुक्यात या सगळ्याला जमिनीच्या भावाची जोड मिळाली आहे. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ज्या आमणे गावात संपतो, ते याच तालुक्यात आहे. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. गोदामांसाठी टेकड्या सपाट होत आहेत, आणि सपाटीकरण करणाऱ्या यंत्राच्या चालकाला खोऱ्यातला दगड आणि केशिदेवाचा दगड यांतला फरक कोणी सांगितलेला नसतो. कुदुर्रूच्या शापातील अजाण माणसाचे कलम येथे आठवते.

कायद्याचे संरक्षण नाही असे नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने शिल्प वा कोरीव लेख हा पुरावशेष ठरतो. मात्र वस्तू आहे हे कोणाला तरी ठाऊक असेल तरच कायदा कामी येतो. शेतात, पायाच्या खोदकामात किंवा पडक्या देवळाजवळ चंद्र-सूर्य कोरलेली उभी शिळा दिसली तर ती धुऊ नये, तेल-शेंदूर किंवा ऑइल पेंट लावू नये, अक्षरांवर खडू ओढू नये आणि ‘सुरक्षित’ म्हणून दुसरीकडे हलवूही नये. जागचा दगड ती जमीन कोणती होती हे सांगतो, हलवलेला दगड फक्त मजकूर सांगतो. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घेतल्यास झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. ते छायाचित्र आणि जागेचा नेमका तपशील तहसील कार्यालयाला व राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवावा.

चौधरपाड्याच्या लेखातील गावांपैकी एक अजूनही सहज भेटते. कल्याणहून गांधारी पुलावरून उल्हास नदी ओलांडून पडघ्याकडे निघाले की रस्त्यावरच बापगाव लागते. लेखातील बापग्राम ते हेच.